शांताताईंनी ठेवलेला मोटारीचा तक्ता

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या बायकांच्या दवाखान्यात शांताताई सप्रे सुईणीचं काम करत, तेव्हाची ही हकिगत. साल १९३४. ताईंचं वय पस्तीस, अंग काटक, बोलणं मोजकं. इन्फ्लुएंझाच्या साथीत नवरा गेला तेव्हा त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. घराणं पौरोहित्य करणारं, दख्खनेतून येऊन चार पिढ्या ग्वाल्हेरीत मुरलेलं. धाकटा भाऊ रमाकांत घरच्यांशी भांडला आणि त्याने बहिणीला नर्सिंग शिकायला पाठवलं. आई दीड वर्षं ताईंशी बोलली नव्हती. पुढे आईच्या माहेरची एक सून अडली, ताईंनी तिची सुटका केली, आणि त्या दिवशी आईने स्वतः ताट वाढून हाक मारली.

दवाखान्याला दोन वर्षांपूर्वी एका सरदारांच्या घरून जुनी मोटार मिळाली होती. तिच्यावर ड्रायव्हर म्हणून मानसिंगराव भोइटे आले. पन्नाशीला टेकलेले, रिसाल्यातून निवृत्त झालेले, मिशांना पीळ. घोडा गेला आणि मोटार आली, एवढाच फरक त्यांनी मानला. रोज पहाटे दोन बादल्या पाण्याने ते गाडी धूत. मग बॉनेट उघडून आतली नळीन् नळी ओल्या फडक्याने पुसत. दवाखान्याच्या दारात ती गाडी अशी चमके की येणारी-जाणारी माणसं थांबून तिच्यात आपलं तोंड बघत.

पण सकाळी सुरू होताना ती अडखळायची. मानसिंगराव स्टार्टर दाबत, घर्र घर्र आवाज येई, दोनदा खोकल्यासारखं करून ती गप्प होई. कधी पाचव्या खेपेला सुरू होई, कधी दहाव्या. कधी मात्र पहिल्याच झटक्याला. मानसिंगराव म्हणायचे, "थंडी आहे ताई, जरा नखरे करून राहिली आहे. बाकी बिलकुल ठीक."

डिसेंबरातल्या एका सकाळी सातच्या सुमाराला मुरारहून निरोप आला. दुर्गा नावाच्या बाईचं दुसरं बाळंतपण होतं. ताई पेटी घेऊन गाडीत बसल्या. स्टार्टर दाबला, गाडी खोकली आणि थांबली. मानसिंगरावांनी पुढे जाऊन हँडल फिरवलं. त्या थंडीतही त्यांच्या कपाळावर घाम आला. अर्धा तास गेला. शेवटी ताई उतरल्या आणि चौकातून टांगा करून निघाल्या.

त्या पोचल्या तेव्हा मूल झालेलं होतं आणि ठणठणीत रडत होतं. पण दुर्गाचा रक्तस्राव थांबत नव्हता. शेजारणी कोपऱ्यात उभ्या राहून देवाचं नाव घेत होत्या. ताईंनी दोन तास तिचं पोट मुठीने दाबून धरलं. दुर्गा वाचली, पण पुढे दोन महिने तिला अंथरुणावरून उठता आलं नाही.

दुपारी ताई परत आल्या तर मानसिंगराव फाटकात उभे. त्यांनी खाली बघतच विचारलं, "बाई?"

"आहे. वाचली."

"अकरा वाजता गाडी एका दमात सुरू झाली, ताई. मी काहीच केलं नाही. आपोआप."

दौलतगंजातल्या मिस्त्रीकडे गाडी गेली. त्याने प्लग साफ केले, पेट्रोलची नळी फुंकून पाहिली, बॅटरी चार्ज केली. त्याच्या दारात दहादा सुरू केली आणि दहाही वेळा ती बिनतक्रार सुरू झाली. तो हात पुसत म्हणाला, "गाड़ी में कुछ नहीं है बाईसाहब. चलानेवाले का हाथ देखिए."

हे दवाखान्याच्या कमिटीचे सचिव विश्वासराव यांच्या कानावर गेलं. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं. "मी दुसरा माणूस बघतो. भोइटे आता थकले."

"मला पंधरा दिवस द्या," ताई म्हणाल्या.

"तुम्ही मोटारीचं काय करणार?"

"तापाच्या रोग्याचं करते तेच. रोज बघेन आणि लिहीन."

विश्वासरावांना हसू आलं, पण त्यांनी पंधरा दिवस दिले.

दवाखान्यात रोग्यांच्या उशाशी लावतात तो तापाचा कोरा तक्ता ताईंनी घेतला आणि त्यावर नावाच्या जागी 'मोटार' असं लिहिलं. रोज सकाळी गाडी सुरू करताना त्या जवळ उभ्या राहू लागल्या. खोलीतला थर्मामीटर बाहेर टांगून थंडी किती आहे ते लिहीत. कितव्या खेपेला सुरू झाली, पेट्रोल केव्हा भरलं, आदल्या दिवशी गाडी किती फिरली, सगळं लिहीत. मानसिंगरावांना ते आवडलं नाही. आपल्या हातावर नजर ठेवली जाते आहे, असं त्यांना वाटलं. ते अधिकच घासून-पुसून गाडी साफ करू लागले, आणि गाडी अधिकच अडखळू लागली.

ताईंचा पहिला संशय थंडीवर होता. पण सर्वांत कडाक्याच्या थंडीच्या दिवशी गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. मग पेट्रोलवर संशय गेला. नवं पेट्रोल भरलं, तरी दुसऱ्या दिवशी आठ खेपा. दहा दिवसांनी त्या तक्ता घेऊन बसल्या. तीनच दिवस गाडी चटकन सुरू झाली होती. दोन मंगळवार आणि एक शनिवार. मंगळवारचं काय ते त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी मानसिंगराव पहाटेच मांढरेच्या मातेच्या दर्शनाला टेकडीवर जात आणि तिथून थेट कामावर येत. गाडीवर कोरडं फडकं फिरवण्यापुरताच वेळ उरे. मग शनिवारी काय झालं?

त्या बाहेर आल्या. "मानसिंगराव, गेल्या शनिवारी सकाळी काही निराळं घडलं होतं का?"

"निराळं काय घडणार? हां, विहिरीचा दोर तुटला होता. गाडीला आंघोळच नाही मिळाली."

हा माणूस गाडीवर जीव लावतो, हे ताई रोज बघत होत्या. तरी म्हणाल्या, "उद्यापासून चार दिवस गाडीला पाणी लावू नका."

मानसिंगरावांचा चेहरा उतरला. "घाणेरडी गाडी दवाखान्याच्या दारात उभी करू? ताई, रिसाल्यात माझ्या घोड्यावर कोणी बोट फिरवलं तर बोटाला धूळ लागायची नाही."

"चारच दिवस. माझ्यासाठी."

चार दिवस गाडी धुळकट राहिली आणि चारही दिवस पहिल्या झटक्याला सुरू झाली. पाचव्या दिवशी सकाळी ताई आल्या तेव्हा मानसिंगराव आधीच बॉनेट उघडून उभे होते. त्यांच्या हातात ओलं फडकं होतं. ताईंच्या देखत त्यांनी ते इंजिनावर पिळलं, आत बसले आणि स्टार्टर दाबला. घर्र घर्र झालं, दोनदा खोकून गाडी बंद पडली. ते उतरून पायरीवर बसले.

"म्हणजे त्या दिवशी ती पोरगी मरता मरता वाचली, ती माझ्यामुळे."

ताई त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या. "पाणी तुम्ही लावलंत. पण पाण्याने एवढं बिघडायला आत काहीतरी फुटलेलं असणार. निरोगी गाडीला आंघोळीने काही होत नाही. चला मिस्त्रीकडे. आणि या वेळी गाडी ओली करूनच न्यायची. इथून ढकलत."

दवाखान्यातले दोन शिपाई, मानसिंगराव आणि मागून पेटी घेऊन ताई, अशी ती वरात दौलतगंजात पोचली. मिस्त्रीच्या दारात मानसिंगरावांनी पुन्हा एकदा ओलं फडकं पिळलं. मिस्त्रीने स्टार्टर दाबला, गाडी अडखळली, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा गंभीर झाला. सगळ्या प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागावर एक काळं झाकण असतं. ते काढून त्याने उन्हात धरलं, तिरकं केलं, डोळे बारीक करून बघितलं.

"ये देखिए. बाल बराबर दरार है."

केसाएवढी चीर होती. सुकी असली की बिनत्रासाची. ओल शिरली की ठिणगी प्लगापर्यंत पोचायच्या आतच तिथून पळायची. ऊन चढलं, ओल सुकली, की गाडी पुन्हा भली. म्हणूनच मिस्त्रीच्या दारात ती कधी बिघडलेली दिसलीच नव्हती. त्याने मानसिंगरावांकडे बघून कान पकडला. "माफ करना दादा. तुम्हारे हाथ में कोई खराबी नहीं."

नवं झाकण मुंबईहून यायला महिना लागणार होता. तोवर ताईंनी प्रसूतीच्या खाटांवर घालतात त्या रबरी कापडाचा तुकडा कापून झाकणावर बांधायला दिला. मानसिंगराव पुन्हा दोन बादल्या पाण्याने गाडी धुऊ लागले, पण आतल्या बाजूला आता कोरडंच फडकं. विश्वासरावांनी तक्ता मागून घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला, आणि भोइट्यांच्या जागी दुसरा माणूस बघायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

दुर्गा उठून हिंडू लागल्यावर मानसिंगराव एकदा मुरारला जाऊन तिला भेटून आले. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. परत आल्यावर ताईंना एवढंच म्हणाले, "मी आजारी पडलो तर गाडी कोण चालवणार? तुम्ही शिकून घ्या."

"मी?"

"आजार शोधता येतो, तर चालवता का नाही येणार?"

फाल्गुनात कंपू भागातल्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. पहिल्या दिवशी ताईंनी गाडी एका बाभळीवर नेली. तिसऱ्या दिवशी मैदानाला फेरी मारली. रमाकांत कचेरीतून परतताना बघत थांबला आणि घरी येऊन आईला म्हणाला, "ताईने लुगड्याचा काष्टा घट्ट मारला आहे आणि घोडेस्वारासारखी ताठ बसते." आईने विचारलं, "वळवता येते का तिला?" एवढंच.

श्रावणात मानसिंगराव हिवतापाने आडवे झाले, आणि त्याच आठवड्यात हजिरा वस्तीतून बाळंतपणाचा निरोप आला. ताईंनी पेटी मागच्या सीटवर ठेवली आणि एकट्याच निघाल्या. चिखलातून, बैलगाड्यांमधून वाट काढत त्या बाळंतिणीच्या घरापुढे थांबल्या. दारात उभ्या असलेल्या म्हातारीने गाडीच्या आत वाकून बघितलं, मग दुसऱ्या बाजूने बघितलं.

"बाई, ड्राइवर कहाँ है?"

"हमीच आहोत," ताई हिंदी-मराठीची खिचडी करत म्हणाल्या, आणि बाह्या वर सारत आत शिरल्या. "पानी गरम रखा है?"

तासाभरात मुलगी झाली.