आवळलेलं दार

धाकटा भाऊ युद्धनौकेवर होता, म्हणून मी युद्धनौकांवरची पुस्तकं वाचू लागलो. देश कसलं नौदल बांधतो हे त्याला कशाची भीती वाटते त्यावरून ठरतं, एवढं त्यातून कळलं. ज्याला दूरच्या समुद्रांत दरारा हवा, तो विमानवाहू जहाजं बांधतो. ज्याला आपला किनाराच राखायचा आहे, तो लहान, वेगवान नौका घेतो. जाड पोलादी चिलखताचा काळ गेला. क्षेपणास्त्र पत्रा फाडून आत येणारच, हे हल्ली धरूनच चालतात आणि जहाजाच्या पोटात कप्पे पाडतात. एक कप्पा पेटला की त्याचं दार बाहेरून आवळायचं. बाकीचं जहाज वाचतं.

हे मी पनवेलच्या घरी वडिलांना मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. त्यांचं आयुष्य गव्हाणकडच्या मिठागरांत गेलेलं. ते म्हणाले, "त्यात नवीन काय हाय? बांध फुटला का आमी बी एक वाफा सोरतो न् बाकीचा मीठ राखतो."

युद्ध नव्हतं, तरी भावाच्या जहाजावर आग लागली. इंजिनाच्या कप्प्यात तेलाची नळी फुटली. घरी आलेली पेटी उघडू नका, असं सांगण्यात आलं. पत्रात लिहिलं होतं, मृत्यू तत्काळ झाला. माझा विश्वास बसला नाही. दार आवळलं तेव्हा तो जिवंत होता का, एवढंच मला कळायला हवं होतं.

महिन्याभराने त्याचा जहाजावरचा सोबती भेटायला आला. पाणीही न पिता म्हणाला, "काका, पत्रातलं खरं नाही. तो आत जिवंत होता. शेजारी दारूगोळा होता, दार उघडं ठेवता येत नव्हतं."

"दार कोनी लावला?" वडिलांनी विचारलं.

"मी."

मी कधी कुणावर हात उगारला नव्हता. त्याच्यासाठी आणलेला तांब्या मी त्याच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला. पुन्हा हाणला, तेव्हा हाड लागल्याचं मनगटापर्यंत जाणवलं. त्याने हात वर केले नाहीत, म्हणून मी तिसऱ्यांदा मारलं.

"सोर त्याला!" वडिलांनी माझं मनगट पिरगाळलं. "येवरी पुस्तका वाचलीस, न् आता कललं व्हय तुला, कप्पा म्हंजे काय ते?"

मग ते त्याच्याकडे वळले. "वाजवलान का त्यानं दार?"

"हो काका. हातातल्या लोखंडी पान्याने." रक्त त्याच्या शर्टावर गळत होतं. "दाराचा रंग फुगून फुटेपर्यंत. मग थांबला. मी माझ्या बाजूने ठोकत राहिलो."

वडिलांनी त्याची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, हललेला दात पाहिला आणि मला रिक्षा आणायला पाठवलं.

दवाखान्याकडे जाताना मी रिक्षावाल्याशेजारी बसलो होतो. मागे वडील त्याला विचारत होते, "तू ठोकत व्हतास, ता त्याला आयकू गेला आसंल ना?"

तशा आगीत माणसाची शुद्ध किती लवकर हरपते, ते मी वाचलेलं होतं. मी मागे वळलो नाही.

"गेलं असेल, काका," तो सुजलेल्या तोंडाने म्हणाला.