पाचवा पुतळा

हमरापूरच्या रंभाचा हात रंगावर असा बसला होता की ती गणपतीच्या अंगाला लावील तो गुलाबी दुसऱ्या कुणाला साधत नसे. स्वतः मात्र काळीसावळी, आणि लेक शांतीही तिच्यावरच गेलेली. "सगळा रंग गणपतीला लावलास, पोरीला काय उरला नाय गो," म्हणून बायका हसायच्या. रंभाही हसायची आणि आतल्या आत जळायची.

ब्याऐंशी साली दिवाळीनंतर गणपतीच्या कारखान्यात काम थंडावलं होतं. तेव्हा पेणच्या एका शाळेतले दत्तात्रेय सर प्रदर्शनासाठी पुतळ्यांची ऑर्डर घेऊन आले. पहिलं माकड, मग वाकलेला, मग जरा ताठ, असं करत पाचवा सरळ उभा माणूस. मालक गोविंदाशेटनी पुतळे ओतून रंभापुढे ठेवले.

सर बघायला आले तेव्हा रंभानं विचारलंच, "माकडाचा माणूस झाला म्हंता, मंग आमच्या वडावरची माकडं अजून माकडंच कशी?"

"ती माकडं आपले पूर्वज नव्हेत, बाई. त्यांचा आणि आपला मूळ पुरुष एक," सर म्हणाले.

तिला काडीचं पटलं नाही, पण शिकलेल्याशी कोण डोकं लावणार? मग सरांनी रंग सांगितले. पहिला काळा, पुढे उजळत जायचं, पाचवा गोरा.

रंभाची तळपायाची आग मस्तकात गेली. "पाचवा गोरा का?"

"पुस्तकातल्या चित्रात तसंच आहे."

"मंग आमी काय अजून माणूस झालो नाय?"

सर "तसं नाही हो" म्हणत चपला शोधू लागले. वा रे शिक्षण! माणूस सरळ उभा राहिला एवढं पुरत नाही, तो गोराही हवा. रंभानं पाचव्याला आपल्या मनगटाशी ताडून रंग लावला, थेट स्वतःचा. गोविंदाशेट कुरकुरले, ऑर्डर जाईल म्हणाले.

"जाऊं दे. माझी शांती त्याच शाळेत हाय. तिनं रोज त्या गोऱ्याकडं बघायचं?"

प्रदर्शनाच्या दिवशी ठेवणीतलं लुगडं नेसून ती पेणला गेली. पाहते तो पाचवा पुतळा गोरापान. शेटनी तिच्या माघारी परत रंगवून घेतला होता. आणि हातात काठी घेऊन पाहुण्यांना माहिती सांगायला उभी होती तिचीच शांती, वर्गात हुशार म्हणून निवडलेली.

"हा पाचवा, पूर्ण विकसित मानव," ती घडाघडा म्हणत होती.

रंभा गर्दीतून पुढे घुसली. सर शेजारीच उभे होते, तिला त्यांची पर्वा नव्हती. "आणि यातली तू कंची गो?"

शांतीनं रांगेकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. सरांसमोर उत्तर चुकू नये म्हणून तिनं हात एकेका पुतळ्याशी ताडून पाहिला, आणि काठी तिसऱ्या पुतळ्यावर ठेवली.