एका गिलासात दोनशे ग्रॅम

थोरल्या भावाच्या घरचं आणि आमच्या घरचं लोणचं एकच. आई गेल्यापासून ते वहिनी घालते, दोन्ही घरांचं, आणि विकतचं लोणचं तिच्या उंबऱ्याच्या आत आजवर आलेलं नाही, हे ती पाहुण्यांनी न विचारताही सांगते. माझं आणि तिचं कधीच पटलं नाही. पण लोणचं फुकट मिळतं, म्हणून मी तोंड बंद ठेवत आलो.

यंदा ऐन कैरीच्या दिवसांत तिचं मनगट मोडलं. दहा किलो पारशिवनीच्या कैऱ्यांच्या फोडी आणि आईचा पितळी गिलास आमच्याकडे आला. मागोमाग वहिनीचा फोन.

"पाच गिलास मीठ, पाच गिलास तिखट, सहा मोहरीची डाळ. गिलासानंच मोजजा, भाऊजी. शहाणपण करू नका."

आता, माणूस सत्तावीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सामान मांडतो, त्याला असं म्हणावं? मी ऑनलाइन मागवलेला वजनकाटा काढला. गिलास पाण्यानं भरून तोलला. पाणी दोनशे ग्रॅम. म्हणजे एक गिलास बरोबर दोनशे ग्रॅम. मग मीठ एक किलो, तिखट एक किलो, मोहरी बाराशे. सगळं काट्यावर, ग्रॅमाला ग्रॅम. बायको म्हणाली, "तिखट लय दिसून राहिलं बाप्पा." मी म्हणालो, "काटा खोटं बोलत नाही."

पंधरा दिवसांनी वहिनी गळ्यात हात अडकवून आली. बरणीतली फोड जिभेवर ठेवली आणि पदरानं डोळ्यांतलं पाणी पुसलं. मग माझ्या बायकोला म्हणाली, "तिखटाचा डबा आण वं. अन् भाऊजींचा तो काटाही."

डाव्या हातानं तिनं गिलासात तिखट भरलं, काट्यावर उपडं केलं. पंच्याण्णव ग्रॅम. मग मीठ. दोनशे चाळीस.

"गिलास तोच," ती म्हणाली. "पाण्याचं माप तिखटाले कोणी लावते का? पोरायले काय शिकवता तुम्ही शाळेत?"

"मी शिकवत नाही. मी सामान मांडतो."

"तेच म्हणून राहिले मी."

म्हणजे तिखट दुपटीहून जास्त आणि मीठ कमी. मी चाचरत म्हटलं, आणखी फोडी घालू, जमेल. "कैऱ्या कुठं आहेत आता? पिकल्या साऱ्या," ती म्हणाली. तिच्या घरासाठी भरलेली बरणी तिनं नेली नाही, आमच्या दारातच ठेवली. "दोन्ही घरचं तुम्हीच खा. वर्षभर. रोज." बायको त्या दिवसापासून माझ्या ताटात दोन फोडी जास्त वाढते.

दिवाळीत भावाकडे जेवायला गेलो. भाऊ वरण ओतून घेत होता, वर पाहत नव्हता. वहिनीनं माझ्या पानात डाव्या कोपऱ्यात, चटणीशेजारी, लोणच्याची एकच फोड वाढली. तेल जास्त, फोड मऊ, बाजारची. ती समोर उभीच राहिली. आता इथं माणसानं खाली मान घालून जेवावं. पण गेले चार महिने माझी जीभ जळत होती, आणि ती फोड खरोखर छान लागली.

"चांगलं आहे हो, वहिनी," मी म्हणालो. "आपल्यापेक्षाही मऊ."

भावाच्या हातातली पळी थांबली. वहिनी आत गेली. आता फोनवरही ती मला भाऊजी म्हणत नाही. "तिले द्या फोन," म्हणते, म्हणजे माझ्या बायकोला.