बाटलीवरचं नाव

शेडमध्ये शिरल्यापासून सुभद्राबाईंचा जीव कुठे लागत नव्हता. नातीने, कालिंदीने, खुर्ची दिली होती. दोनदा बसून त्या दोनदा उठल्या. हे गिरणीचं जुनं सायझिंग खातं, सुताला खळ लावायचं. त्यांचा नवरा लवू बावीस वर्षं इथे खळीच्या वाफेत उभा राहिला, आणि संपानंतर त्याला कुणी परत बोलावलं नाही. आता खांबांना पांढरा रंग होता. यंत्रांच्या जागी दारूचे स्टॉल होते, ठिकठिकाणच्या लहान भट्ट्यांनी मांडलेले. शनिवारची दुपार होती. लोक बोटभर ग्लासातून घोट घेत होते, डोळे मिटत होते, आणि काहीजण तो तोंडात घोळवून बादलीत थुंकत होते.

"टाकतात कशाला गो?"

"सगळं प्यायलं तर पुढची चव कळत नाही, आजी."

संपात आपल्या दाराशी येणाऱ्यांपैकी कुणी थुंकल्याचं सुभद्राबाईंना आठवेना.

तेव्हा घरात विकण्यासारखं काही उरलं नाही म्हणून सासूने, जाईबाईने, भोईवाड्याच्या चाळीमागे पडक्या गाळ्यात चूल मांडली होती. गूळ, नवसागर, मडकं, रबराची नळी. सुनेला सगळं शिकवलं आणि शपथ घातली, हात भिजू दे, जीभ भिजता कामा नये. सुभद्राबाईंनी सात वर्षं दारू पाडली, पोराला शिकवलं. थेंब तळव्यावर चोळून हुंगायचा, चमचाभर घेऊन काडी लावायची, ज्योत निळी आली की माल द्यायचा. त्यापलीकडे त्यांना दारू ठाऊक नव्हती.

समोरच्या खोलीतला धर्मा रोज संध्याकाळी यायचा. चौथ्या वर्षी लिव्हरने गेला. त्याची बायको राधाबाई भांडायला आली नाही. तेच वाईट झालं. त्यानंतर इतकी वर्षं दोघी एका गॅलरीत आमसुलं वाळवत आल्या. त्याचा विषय कधी निघाला नाही.

आणि आता कालिंदीच्या दारू बनवणाऱ्या कंपनीला गुळाच्या दारूवर सुभद्राबाईंचं नाव हवं होतं, शिवाय फोटोही.

"आज हो म्हण ना, आजी. सोमवारी लेबलं छापायला जातायत."

कालिंदीच्या स्टॉलवर गर्दी जमली. "ही माझी आजी," कालिंदी सांगत होती. "संपात हिने भट्टी लावली होती. हिच्या जिभेवरची चव आहे ही." सुभद्राबाईंनी दोन थेंब तळव्यावर घेतले, चोळले, हुंगले. लोकांनी फोन वर केले. एक मुलगी म्हणाली, "आता प्या ना आजी."

"मी कधी घेतली नाही."

लोक हसले. त्यांना ती गंमत वाटली. कालिंदी हसली नाही. ती कानाशी वाकली. "काय बोलतेस? मी सगळ्यांना सांगितलंय की तू चाखून बघायचीस."

"तू विचारलंस कधी?"

ग्लास समोर होता. सासू जाऊन तीस वर्षं झाली होती. सुभद्राबाईंनी घोट घेतला.

घशात आग उतरेल, कडू जहर लागेल, अशी त्यांची तयारी होती. पुरुषांची वाकडी तोंडं त्यांनी पाहिली होती. काम गेलेली माणसं औषध घ्यावं तशी घेतात, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती आणि तिच्यावर इतकी वर्षं काढली होती. पण आधी गुळाचा वास आला, मग ऊब, आणि जिभेवर गोडी राहिली. त्यांनी दुसरा घोट घेतला. हवा होता म्हणून घेतला. हे कळलं तेव्हा त्यांनी ग्लास खाली ठेवला.

"कशी आहे?"

"चांगली आहे."

"मग नाव?"

"राधाबायला विचारते," म्हणाल्या, आणि निघाल्याच.

राधाबाई चाळीच्या गॅलरीत सुकट निवडत होत्या. "खंय गेल्लंस?"

"गिरणीत."

"आता काय आसा थंय?"

"दारू." सुभद्राबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "कालिंदीची कंपनी बाटलीवर माझा नाव घालतली. तुका विचारूक इलंय."

राधाबाईंचा हात चालूच राहिला. "तू पिलंस?"

"आज. पयल्यांदा."

"कशी लागता?"

कडू म्हणता आलं असतं.

"गोड," सुभद्राबाई म्हणाल्या.

राधाबाईंनी सुकटीचं एक डोकं खुडून टाकलं, मग दुसरं. "कडू असती तर बरा झाला असता," त्या म्हणाल्या. "माका वाटायचा, तो नाईलाजान पिता."

सुभद्राबाईंनी तिथूनच फोन लावला. "नाव नको घालू."

"राधाआजी नाही म्हणाली?"

"तिने नाही म्हटलं नाही."

"मग प्रॉब्लेम काय आहे? आजी, सगळं ठरलंय गं. काय लिहू मी बाटलीवर?"

"आत गूळ आहे, गूळ लिही."

पलीकडे कालिंदी काहीतरी समजावत राहिली, मागे गाणी वाजत होती. सुभद्राबाईंनी फोन बंद केला. जिभेवरची गोडी अजून जात नव्हती. त्या आत गेल्या, तांब्याभर पाण्याने चूळ भरली, आणि पुन्हा भरली.