टेबल चारवरची झोप

दुपारी अडीचच्या सुमारास टेबल चारवरचा जयवंत घोरायला लागला आणि मी मायेने पंखा त्याच्याकडे वळवला. वर वेटरांना दटावलं, "भांडी वाजवू नका रे, माणूस झोपलाय."

पेडणे तालुक्यातल्या एका बार-रेस्टॉरंटचा मी मॅनेजर. दुपारी जेवून टेबलावर मान टाकणं हा आमच्याकडे गिऱ्हाइकाचा हक्कच. जयवंत तर जवळच्या हळर्ण गावचा, आमचा फ्रिज मेकॅनिक, दोन मुलींचा बाप. काजूचा हुर्राक, म्हणजे आमच्याकडची हलकी दारू, घेतला, जेवला, झोपला. यात भिण्यासारखं काय?

स्वयंपाक करणाऱ्या शेवंतीताई बाहेर आल्या. सावंतवाडीकडच्या. "म्यानेजरानू, ह्यां घोरणां नाय. घशात गुरगुरता. ओठ बघा तेचे, जांभळां खाल्ल्यासारखे!"

मी खांदा हलवला. "जयवंता! अरे जयवंता!" मान दुसरीकडे पडली. छाती हलेना. बऱ्याच वेळाने एकदा हलली, पुन्हा थांबली.

महिन्यापूर्वी आसपासच्या बारवाल्यांनी मिळून आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून ट्रेनिंग घेतलं होतं. अफूच्या जातीचं औषध जास्त झालं की मेंदू श्वास घ्यायला विसरतो, तो ओव्हरडोस. नॅलॉक्सोन नावाचा नाकातला स्प्रे त्याला ती आठवण करून देतो. हे मला आज सांगता येतं. ट्रेनिंगच्या दिवशी मी मागे पाव-पातळभाजीची व्यवस्था बघत होतो. तसली नशा परदेशी पाहुणे करतात, आपली माणसं नाहीत, अशी माझी खात्री. सिस्टरने स्प्रेची पेटी दिली तेव्हा आमचे पात्रांव, म्हणजे मालक, म्हणाले होते, "पेटी काउंटरवर नको रे, लोक काय म्हणतील?" म्हणून ती ऑफिसात, जुन्या मेन्यूकार्डांच्या मागे.

मेन्यूकार्डं जमिनीवर फेकत मी पेटी आणली. आत दोन स्प्रे. चालतो की नाही बघायला मी पहिला हवेत दाबला. डिओडरंट मारून बघतात तसा.

"काय केलात ओ!" शेवंतीताई ओरडल्या. "एकात एकच डोस आसता! सिस्टर तीनदा बोलली!"

उरला एक. तो मी उलटसुलट करून बघत बसलो, तेव्हा त्यांनीच हिसकावला. जयवंतला जमिनीवर उताणा घेतला, नाकपुडीत टोक घालून दाबला. वेटरने १०८ला फोन लावला. "तुम्ही तोंडान श्वास द्या," त्या मला म्हणाल्या. नाक दाबून एक श्वास, मग पाच मोजायचे. तीनच्या पुढे मला आकडे आठवेनात. त्याच्या बायकोला फोन कोण करणार, एवढंच डोक्यात.

किती वेळ गेला ठाऊक नाही. जयवंतने खोकत लांब श्वास ओढला, डोळे उघडले आणि मला लांब ढकललं. "तोंड पयस कर तुजें!"

"उठला की! आता अँब्युलन्स कशाला?" मी म्हणालो. शेवंतीताईंनी वेटरला फोन ठेवू दिला नाही. स्प्रेचा जोर आधी उतरतो, औषधाचा नंतर. माणूस पुन्हा बुडू शकतो. हेही ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं म्हणे.

कुणाकडून तरी मिळालेल्या पाठदुखीच्या जालीम, अफूच्या जातीच्या गोळ्या, वर हुर्राक, असं हॉस्पिटलातले डॉक्टर म्हणाले. दोन दिवसांनी जयवंत घरी आला.

पेटी आता काउंटरवर असते. जेवून झोपलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला आम्ही हलवून उठवतो. आतापर्यंत तिघांनी शिव्या घातल्या. घालू देत. शिव्या घालणारा माणूस श्वास घेत असतो.