ट्रेकर की ब्लायव्हर

वलंदेजांची काळजी खुद्द हॉलंडात कुणी केली नसेल एवढी अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात, माझ्यापासून तिसऱ्या घरात राहणाऱ्या काकांनी केली. वेंगुर्ल्याच्या शाळेत जन्मभर इतिहास शिकवून ते मुलाकडे राहायला आले होते. वेंगुर्ल्यात वलंदेजांची पडकी वखार आहे. तिच्याबद्दल ते सासुरवाडीबद्दल बोलावं तसं, अर्ध्या अभिमानानं आणि अर्ध्या तक्रारीनं बोलत. परमुलखात वस्ती केलेल्या वलंदेजांना कुठे काय म्हणत, हे त्यांना तोंडपाठ होतं. एका बारशाला पाळण्याशी उभे राहून ते "आफ्रिकेत बोअर, सिलोनात बर्घर, आपल्या न्यूयॉर्कात निकरबॉकर" असं जे सुरू झाले, ते आत्याबाई बाळाचं नावच विसरल्या.

पण जावा बेटावरच्या दोन नावांवर त्यांचा खरा जीव. नोकरी संपवून मायदेशी परतणारा वलंदेज तो ट्रेकर, आणि तिथलाच होऊन राहिलेला तो ब्लायव्हर. कॅरीतल्या झाडून साऱ्या मराठी माणसांची त्यांनी या दोन गटांत वाटणी केली होती. ग्रीन कार्डाला ते विचारत नसत, पुरावा परसात शोधत. ट्रेकरला कुंडीतला कढीपत्ता चाले. जमिनीत झाड लावलं की माणूस ब्लायव्हर झाला.

मी अर्थातच ट्रेकर. दर रविवारी नागपूरहून आई फोनवर विचारते, "कधी येतोस?" मी सांगतो, "दोन वर्षांत." अठरा वर्षं हे उत्तर मी बदललेलं नाही. एवढी निष्ठा व्यायामाशी ठेवली असती तर आज बुटाची नाडी दिसली असती. मधल्या काळात घर घेतलं, गवत कापायचं यंत्र घेतलं आणि परसात अंजीर लावलं. काका लगेच पाहणीला आले.

"काका, हे फक्त रीसेलसाठी आहे. बॅकयार्ड छान दिसलं की घर पटकन जातं."

"फळ कधी धरेल?"

"तीन वर्षांनी."

"आणि तू जाणार दोन वर्षांत," काका शांतपणे म्हणाले.

गेल्या ऑक्टोबरात ते स्वतःच कायमचे वेंगुर्ल्याला निघाले. मुलानं, सुनेनं खूप अडवलं. "राहायला आलो होतो, राहून झालं," एवढंच त्यांनी सांगितलं. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी, म्हणून विमानतळावर सोडायला मी. वाटेत गाडीच्या स्पीकरवर आईचा फोन आला. तिनं नेहमीचं विचारलं, मी नेहमीचं सांगितलं आणि मान खाली घालायची सोय नसल्यानं रस्त्याकडे बघत राहिलो. आता काका माझं पितळ उघडं पाडणार, यात शंका नव्हती.

काका पुढे वाकले. "वहिनी, मी याचा शेजारी. येईल हो तो. मी रोज बघतो ना, याचं इथलं सगळं तात्पुरतंच आहे."

आई केवढी खूश झाली. मला मात्र वाटलं, त्यांनी मला ब्लायव्हर म्हणून चारचौघांत चिडवलं असतं तर फार बरं झालं असतं.