कोंबडीखालचा फोन

अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावाजवळच्या एका शेतकऱ्याकडे आम्ही दर जूनमध्ये पक्षी बघायला जातो. त्याच्या गवतात बोबोलिंक नावाचे पक्षी घरटी करतात, म्हणून पिल्लं उडेपर्यंत हा म्हातारा गवत कापत नाही. तोवर त्याचं घर आमच्यासारख्या पैसे देऊन येणाऱ्या पाहुण्यांवर चालतं. पक्ष्यांना तो भाडेकरू म्हणतो आणि त्यांना त्रास नको म्हणून स्वयंपाकघरातसुद्धा कुजबुजत बोलतो.

यंदा पुण्याहून आलेले काका सोबत होते. तासभर एकही पक्षी दिसेना. "अरे, यापेक्षा आमचा पाषाण तलाव बरा!" काका म्हणाले. मला राहवलं नाही. मी फोनवर हळूच बोबोलिंकचा आवाज लावला. दुसरा नर घुसला असं समजून घरट्याजवळचा नर चवताळून वर आला. काका खूश. त्यांना खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही.

म्हाताऱ्याने मात्र ऐकलं होतं. त्याने माझा फोन घेतला आणि खुराड्यातल्या खुडूक कोंबडीखाली सरकवला.

निघताना मी हात घातला, तर तिने कडकडून चोच मारली. "सॉरी," मी तिलाच म्हणालो.

"राहू दे आता," म्हातारा कुजबुजला. "पिल्लू बाहेर आलं की तुला फोन करतो."